पायथनच्या स्क्रिप्टला खिडकी: टीकेइंटरची मांडणी, गोठणारी खिडकी आणि बाकीच्या अडचणी

कंसपूर्ण

कमांड लाइनवर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या कोणाला द्यायची वेळ आली की अडतं. काळ्या पडद्यावर पाथ टाइप करणं सगळ्यांना जमत नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. अशा स्क्रिप्टला साधी, नीटनेटकी खिडकी कशी द्यायची यावर सविस्तर लिहायला हा धागा.

उदाहरण एकच धरू, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. फोल्डर निवडायचा, लांब बाजू किती पिक्सेल हवी आणि दर्जा किती ते द्यायचं, ‘सुरू’ दाबलं की त्यातले सगळे फोटो लहान होऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये जातील. काम कुठवर आलं ते दिसावं, मध्येच थांबवता यावं, जमलं नाही त्या फायलींची यादी मिळावी.

टीकेइंटर (खिडकी, बटणं बनवायची पायथनची लायब्ररी) निवडण्याचं कारण सरळ आहे: पायथनबरोबर ते येतं. आहे की नाही हे बघायला टर्मिनलमध्ये पायथनला ‘-एम’ देऊन टीकेइंटर हे मॉड्यूल चालवा. छोटी खिडकी उघडून आवृत्ती दाखवली की काम झालं. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत ते वेगळं बसवावं लागतं. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजचं नाव ‘पायथन३-टीके’, फेडोरावर ‘पायथन३-टीकेइंटर’. स्वतःच्या फायलीला मात्र टीकेइंटर हे नाव देऊ नका. इंपोर्ट करताना पायथन आधी तुमचीच फाइल उचलतो आणि मग विजेट (बटण, लेबल असे खिडकीतले घटक) सापडत नसल्याच्या चुका दिसायला लागतात.

खिडकीआधी काम. फोटो लहान करणारं फंक्शन पूर्ण स्वतंत्र लिहा, त्यात खिडकीचा उल्लेखही नको, प्रिंट नको, इनपुट नको. मी ते जनरेटर (एकेक निकाल देत पुढे जाणारं फंक्शन) म्हणून लिहायला सांगेन: प्रत्येक फाइल झाली की यील्डनं तीन गोष्टी द्यायच्या, कितवी फाइल, तिचं नाव आणि चूक झाली असेल तर तिचा मजकूर. कमांड लाइनवर चालवताना हेच छापायचं, खिडकीतून चालवताना दाखवायचं. काम आणि खिडकी वेगळी ठेवली नाहीत तर पुढे येणारी प्रत्येक अडचण दुप्पट होते.

पिलो (पायथनची चित्रांवर काम करणारी लायब्ररी) वापरताना तीन गोष्टी. थंबनेल ही मेथड चौकटीत बसेल इतकंच लहान करते, प्रमाण राखते, मूळ फोटो लहान असेल तर वाढवत नाही. लांब बाजू हवी तर दोन्ही जागी तोच आकडा द्या. त्याआधी एक्झिफ-ट्रान्स्पोज चालवा, नाहीतर फोनवर उभे काढलेले फोटो आडवे पडतात, कारण दिशेची नोंद साठवताना गळते. आणि पारदर्शक पीएनजी जेपेगमध्ये साठवायचं तर आधी आरजीबीमध्ये बदला, नाहीतर साठवतानाच चूक येते. जेपेगचा दर्जा न दिल्यास ७५ धरला जातो. ९५ च्या वर जाऊ नका, फाइल फुगते आणि डोळ्याला फरक कळत नाही.

आता मांडणी. टीकेइंटर ज्यावर उभं आहे त्या टीकेचे जुने विजेट आणि टीटीकेचे विजेट असे दोन संच आहेत. टीटीके २००७ साली टीके ८.५ बरोबर आला आणि दिसायला आजच्या प्रणालींना जुळतो, तोच घ्या. मुख्य खिडकीवर सगळ्यात आधी एक टीटीके फ्रेम (विजेट ठेवायचा डबा), पॅडिंग १२. खिडकी स्वतः टीटीकेची नसल्यानं तिच्यावर थेट विजेट ठेवले तर काही थीमांमध्ये पार्श्वभूमीचे रंग जुळत नाहीत.

फ्रेमच्या आत ग्रिड (ओळी-स्तंभांची मांडणी), तीन स्तंभ. ओळ ०: ‘फोल्डर’ लेबल, एंट्री (टाइप करायची चौकट), ‘निवडा’ बटण. ओळ १: लांब बाजू, स्पिनबॉक्स (बाणांनी कमी-जास्त होणारी आकड्याची चौकट), २०० ते ६०००, पायरी १००. ओळ २: दर्जा, तोही स्पिनबॉक्स, ४० ते ९५. ओळ ३: प्रोग्रेसबार, तिन्ही स्तंभांवर पसरलेला. ओळ ४: न जमलेल्या फायलींची यादी. ओळ ५: ‘सुरू’ आणि ‘थांबवा’. स्तंभ १ ला वेट (खिडकी वाढली की जादा जागेतला वाटा) १, ओळ ४ ला वेट १, बाकी सगळ्यांना शून्य. एंट्रीला स्टिकी (कुठल्या कडांना चिकटायचं) पूर्व-पश्चिम, यादीला चारही दिशा.

सहजच

छान धागा. मांडणीतली एक अडचण: स्तंभ १ आणि ओळ ४ ला वेट दिलं, स्टिकी दिली, तरी खिडकी ओढून मोठी केली की आतलं सगळं वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटून राहतं, बाकी रिकामी जागा. फ्रेम ग्रिडनंच बसवली आहे.

कंसपूर्ण

@सहजच, वेट प्रत्येक पातळीवर लागतं. फ्रेमच्या आतल्या स्तंभांना तुम्ही दिलंत, पण ती फ्रेम ज्या खिडकीच्या ग्रिडमध्ये बसली आहे त्या खिडकीच्या ओळ ० आणि स्तंभ ० ला वेट शून्यच आहे. म्हणून खिडकी वाढते, फ्रेम वाढत नाही. खिडकीलाही ओळ ० आणि स्तंभ ० साठी वेट १ द्या आणि फ्रेमला चारही दिशांची स्टिकी. मांडणी बिघडली की बाहेरून आत यायचं, प्रत्येक डब्यापाशी दोनच प्रश्न: याला वेट आहे का, आणि याच्या आतल्याला स्टिकी आहे का. शंका आली की फ्रेमला तात्पुरती रिलीफ ‘सॉलिड’ आणि बॉर्डरविड्थ १ द्या, कडा दिसल्या की कुठला डबा वाढत नाही ते लगेच कळतं.

ओसरी

यात दोन गोष्टींची भर.

एकाच फ्रेममध्ये पॅक (विजेट एकापुढे एक रचणारी दुसरी मांडणी) आणि ग्रिड मिसळायचं नाही. आताच्या आवृत्त्या स्पष्ट चूक दाखवतात. जुन्या आवृत्त्यांत दोघं एकमेकांची मापं बदलत बसायचे आणि प्रोग्रॅम कायमचा अडकायचा. वेगवेगळ्या फ्रेमांत दोन्ही चालतात, त्यात काही गैर नाही.

पॅक वापरलंत तर क्रम सांभाळा. खिडकी लहान केली की शेवटी पॅक केलेल्याची जागा आधी जाते. म्हणून तळाची बटणांची पट्टी ‘साइड बॉटम’ देऊन आधी पॅक करा आणि वाढणारी यादी शेवटी. उलट केलंत तर खिडकी थोडी लहान होताच ‘सुरू’ बटणच दिसेनासं होतं.

आणि नव्यानं शिकणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला नडणारं: एंट्री तयार करून त्याच ओळीत पुढे ग्रिड किंवा पॅक लावलं आणि निकाल चलात ठेवला, तर त्या चलात एंट्री नसते, नन (‘काहीच नाही’ ही किंमत) असतं. कारण ग्रिड काहीच परत देत नाही. पुढे गेट करायला गेलं की ‘नन-टाइपला गेट नाही’ अशी चूक. दोन ओळी करा: आधी विजेट चलात, मग ग्रिड.

रिकामीचौकट

बटणाचंही तसंच. कमांड या पर्यायात फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं. पुढे कंस लावले तर खिडकी उघडतानाच फंक्शन चालून जातं आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही. आर्ग्युमेंट द्यायचं असेल तर लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन). लूपमध्ये दहा बटणं बनवताना लॅम्डात लूपचं चल वापरलं तर दहाही बटणं शेवटचीच किंमत घेतात, कारण लॅम्डा चलाची किंमत दाबण्याच्या वेळी बघतो. लॅम्डाच्या पॅरामीटरला ती किंमत डीफॉल्ट म्हणून द्या, म्हणजे बटण बनतानाच ती पक्की होते.

सहजच

वेट देऊन मांडणी जुळली, धन्यवाद. आता मुख्य प्रश्न. ‘सुरू’ दाबलं की खिडकी पांढरी पडते, वर ‘प्रतिसाद देत नाही’ असं येतं. प्रोग्रेसबार हलत नाही, एकदम शेवटी पूर्ण भरलेला दिसतो. प्रत्येक फाइलनंतर खिडकीची अपडेट मेथड बोलावली तर हलतो. तेवढं पुरेसं आहे का?

ओसरी

पुरेसं नाही, आणि त्यातून नवी अडचण निघते.

आधी कारण. मेनलूप म्हणजे एकच रांग: माउस हलला, कळ दाबली, खिडकीचा भाग पुन्हा रंगवायचा आहे, अशा घटना तो एकामागून एक घेतो आणि त्या त्या फंक्शनला देतो. तुमचं बटणाचं फंक्शन परत येईपर्यंत तो पुढची घटना घेत नाही. दोनशे फोटोंचं काम त्या फंक्शनमध्ये असेल तर तेवढा वेळ खिडकी रंगवलीही जात नाही. स्लीप वापरलं तरी हेच होतं.

अपडेट ती रांग मध्येच रिकामी करतं. त्या रांगेत ‘सुरू’वरची दुसरी टिचकीही असते. म्हणजे पहिलं काम अर्धवट असताना त्याच्या पोटात दुसरं सुरू होतं, दोन्ही त्याच फायलींवर. किंवा वापरणाऱ्यानं खिडकी बंद केली तर फंक्शन परत येऊन नष्ट झालेल्या प्रोग्रेसबारला हात लावतं आणि ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ अशी चूक येते. अपडेट-आयडलटास्क्स त्या मानानं निरुपद्रवी आहे, ते फक्त राहिलेलं रंगकाम करतं. पण मग ‘थांबवा’ची टिचकीही पोचत नाही.

योग्य रचना अशी:

१. ‘सुरू’च्या फंक्शनमध्ये एंट्रींतल्या किमती वाचा, तपासा, साध्या चलांत घ्या. ‘सुरू’ बटण डिसेबल करा. वेगळा थ्रेड (खिडकीला समांतर चालणारी कामाची वाट) सुरू करा आणि लगेच परत या.

२. थ्रेडमध्ये कंसपूर्ण यांनी सांगितलेला जनरेटर चालवा, त्यातून येणारं जे ते क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) टाका. थ्रेडमधून एकाही विजेटला हात लावायचा नाही, वाचायलाही नाही. कधी चालतं, कधी अडकतं, आणि अडकलं की कारण सापडत नाही.

३. खिडकीच्या बाजूनं आफ्टर वापरून दर १०० मिलिसेकंदांनी एक फंक्शन बोलवा. ते क्यूमधून ‘गेट-नोवेट’नं आलेलं सगळं काढून घेतं, प्रोग्रेसबार आणि यादी बदलतं, क्यू रिकामी झाली की स्वतःलाच पुन्हा आफ्टरनं लावतं. इथेही आफ्टरला फंक्शनचं नाव, कंस नकोत.

४. ‘थांबवा’साठी थ्रेडिंगमधला इव्हेंट. बटण तो सेट करतं, थ्रेड प्रत्येक फायलीनंतर बघतो. थ्रेडला बाहेरून मारायची सोय पायथनमध्ये नाही, त्यानं स्वतःहून थांबावं लागतं.

काम संपल्याची खबरही क्यूमधूनच यायला हवी आणि ती ‘फायनली’मध्ये टाका. मध्ये अनपेक्षित चूक होऊन थ्रेड मेला तर नाहीतर ‘सुरू’ कायमचं करडंच राहतं. थ्रेड जिवंत आहे का एवढंच विचारून निर्णय घेऊ नका; तो संपलेला असतो आणि शेवटचे दोन निरोप क्यूमध्ये पडून असतात.

रिकामीचौकट

@ओसरी, नेमकं लिहिलंत. एक पुस्ती: निरोप फार वेगानं येत असतील, उदाहरणार्थ मजकुराच्या फायलीच्या प्रत्येक ओळीमागे एक, तर ‘सगळं काढून घे’ हा लूपच संपत नाही आणि खिडकी पुन्हा गोठते. एका खेपेला २०० निरोपांची मर्यादा घाला, किंवा मुळात थ्रेडकडूनच दर शंभर ओळींमागे एक निरोप पाठवा.

थ्रेड कुठे उपयोगी पडत नाही तेही सांगतो. फोटो उलगडणं, लहान करणं ही कामं पिलोच्या सी भाषेतल्या भागात होतात आणि तेवढ्या वेळात पायथनचं जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) बहुतेक सुटलेलं असतं, म्हणून खिडकी हलती राहते. शुद्ध पायथनमधली लांबलचक आकडेमोड असेल तर थ्रेड आणि खिडकी एकाच कुलपासाठी भांडतात, टिचक्या उशिरा लागतात. तिथे मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे काम वेगळ्या प्रोसेसमध्ये. विंडोजवर मग मुख्य भाग ‘नेम बरोबर मेन’ या अटीच्या आत हवा आणि एक्झी बनवणार असाल तर त्यात पहिली ओळ फ्रीझ-सपोर्टची. ती राहिली तर प्रत्येक नवी प्रोसेस पुन्हा खिडकीच उघडते, खिडक्यांचा ढीग लागतो.

अक्षरवेल

आकडे तपासण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एंट्री आणि स्पिनबॉक्समधून नेहमी स्ट्रिंग येते. इंटव्हेरिएबल जोडलं तरी रिकामी चौकट वाचताना चूक येतेच. मी स्ट्रिंगव्हेरिएबल जोडून ‘सुरू’ दाबल्यावर स्वतः रूपांतर करणं पसंत करते. चूक असेल तर त्या चौकटीवर फोकस नेऊन खाली लाल लेबलमध्ये एक वाक्य. प्रत्येक चुकीला मेसेजबॉक्स नको, वापरणारा वैतागतो.

टाइप करतानाच अडवायचं असेल तर व्हॅलिडेट ‘की’ आणि व्हॅलिडेटकमांडला रजिस्टर केलेलं फंक्शन, आर्ग्युमेंट टक्का चिन्ह आणि मोठं पी, म्हणजे बदलानंतर होणारा मजकूर. फंक्शननं प्रत्येक वाटेवर ट्रू किंवा फॉल्स द्यायलाच हवं. एखाद्या वाटेवर नन गेलं तर टीके तपासणी गुपचूप बंद करतं आणि पुढे काहीही टाइप होतं. रिकाम्या मजकुराला ट्रू द्या, नाहीतर शेवटचा अंक खोडताच येत नाही. आणि इथे किमान मर्यादा तपासू नका: २०० ची अट असेल तर १२०० लिहिताना पहिला १ सुद्धा नाकारला जाईल.

देवनागरी अंकांना घाबरायचं कारण नाही, पायथनचा इंट ‘१२००’ सरळ घेतो. तपासायला इझ-डेसिमल वापरा. इझ-डिजिट वर्गाच्या छोट्या २ लाही हो म्हणतं आणि मग इंट आपटतो.

ओसरी

@अक्षरवेल, देवनागरी लेबलांबद्दलही लिहाल का? लिनक्सवर ‘स्थिती’ मधली वेलांटी भलत्याच जागी दिसते.

अक्षरवेल

हो, ती टीकेचीच मर्यादा आहे, फाँट बदलून जात नाही. लिनक्सवर टीके ८.६ अक्षरं एकेक करून रंगवतं, जोडाक्षरं आणि मात्रा जुळवण्याची पायरी त्यात नाही. म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि हलन्त उघडे दिसतात. विंडोजवर ती जुळवणी प्रणाली करते, तिथे निर्मला यूआय फाँट दिला की मजकूर नीट दिसतो. तुमच्या साधनात देवनागरी लेबलं असतील आणि ते लिनक्सवर चालायचं असेल, तर पायसाइड६ कडे (क्यूटी या खिडक्यांच्या लायब्ररीच्या पायथन रूपाकडे) जा. क्यूटी अक्षरांच्या जुळवणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतं, तिथे हा प्रश्नच नाही.

यादीसाठी ट्रीव्ह्यू (ओळी-स्तंभांत यादी दाखवणारं विजेट) घेतला असेल तर ओळीची उंची बघा. ती पिक्सेलमध्ये ठरलेली असते, मूळची २०, आणि फाँट मोठा केला तरी आपोआप वाढत नाही. देवनागरीत त्याचा फटका लगेच दिसतो: वरचे रफार आणि अनुस्वार, खालचे उकार कापले जातात, ‘वर्ग’चा ‘वग’ होतो. फाँटच्या मेट्रिक्समधून लाइनस्पेस विचारा, त्यात ६ मिळवा आणि ट्रीव्ह्यूच्या स्टाइलला रोहाइट म्हणून द्या.

शिवाय ट्रीव्ह्यूतून आयटमच्या किमती परत वाचू नका. ‘००७’ ठेवलं तर वाचताना ७ हा पूर्णांक येऊ शकतो. खरी किंमत स्वतःच्या डिक्शनरीत ठेवा, किल्ली म्हणून आयटमचा आयडी.

सहजच

थ्रेड आणि क्यू जोडलं, खिडकी आता काम चालू असतानाही ओढता येते. आणखी दोन. विंडोजवर सगळी अक्षरं धुरकट दिसतात. आणि निवडलेल्या फोटोची छोटी प्रतिमा दाखवायला लेबल ठेवलं, तर जागा धरली जाते पण चित्र येत नाही.

कंसपूर्ण

धुरकटपणा: तुमचा प्रोग्रॅम स्क्रीनचं स्केलिंग ओळखत नाही असं विंडोजला वाटतं, म्हणून ते १०० टक्क्यांवर रंगवलेलं चित्र ताणून १२५ किंवा १५० टक्के करतं. सीटाइप्समधून (प्रणालीची फंक्शनं बोलावणारं पायथनचं मॉड्यूल) एसएचकोअरचं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस १ देऊन बोलवा, आणि ते मुख्य खिडकी तयार होण्यापूर्वी. नंतर बोलावून उपयोग नाही. विंडोजखेरीज इतरत्र ते नसतं, म्हणून प्रणाली तपासूनच. त्यानंतर पिक्सेलमध्ये दिलेली मापं छोटी दिसायला लागतील. फाँटचा आकार धन आकड्यात द्या म्हणजे तो पॉइंटमध्ये धरला जातो, ऋण आकडा पिक्सेल असतो.

चित्र: फोटोइमेज फंक्शनच्या आतल्या चलात आहे. फंक्शन संपलं, चल गेलं, पायथननं चित्र पुसलं. लेबलकडे फक्त त्याचं नाव उरलं. लेबललाच एक गुणधर्म जोडून त्यात चित्र धरून ठेवा.

रिकामीचौकट

वाटपाबद्दल. विंडोजवर फायलीचं एक्स्टेन्शन पीवायडब्ल्यू केलं की काळी खिडकी येत नाही, पण मग चुकाही दिसत नाहीत. टीकेइंटरमध्ये कॉलबॅकमधली (बटण वगैरेंना जोडलेल्या फंक्शनमधली) चूक कन्सोलवर छापली जाते आणि प्रोग्रॅम पुढे चालूच राहतो. कन्सोल नसेल तर वापरणाऱ्याला फक्त ‘बटण दाबलं, काही झालं नाही’ एवढंच दिसतं. म्हणून मुख्य खिडकीचं रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन स्वतःच्या फंक्शननं बदला: पूर्ण ट्रेसबॅक लॉग फायलीत, आणि मेसेजबॉक्समध्ये एक ओळ. हे पहिल्या दिवशीच करा.

पायइन्स्टॉलरनं एक्झी करताना ‘वनफाइल’ सोयीचं वाटतं, पण ती फाइल दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, म्हणून उघडायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरस जास्त अडवतात. फोल्डर स्वरूपातलंच द्या, झिप करून. आयकॉन वगैरे ‘ॲड-डेटा’नं जोडा आणि त्यांचा पाथ चालू फोल्डरवरून न काढता फायलीच्या स्वतःच्या पाथवरून काढा. विंडोजची एक्झी विंडोजवरच बनते, लिनक्सची लिनक्सवर.

आणि गरज फक्त ‘फोल्डर निवडा, मग पट्टी दाखवा’ इतकीच असेल आणि लिनक्सच असेल, तर शेल स्क्रिप्ट आणि झेनिटी (शेलमधून तयार खिडक्या दाखवणारं साधन) पुरते. झेनिटीच्या प्रोग्रेसला पाइपमधून आकडा पाठवला की टक्के बदलतात, हॅश चिन्हानं सुरू होणारी ओळ पाठवली की वरचा मजकूर बदलतो. रद्द केलं तर एक्झिट कोड १.

सहजच

शेवटचं: काम चालू असताना खिडकीची फुली दाबली तर? डीमन थ्रेड (मुख्य प्रोग्रॅम संपला की त्याच्याबरोबर मरणारा) केला तर लगेच बंद होतं, पण एक फोटो अर्धवट लिहिलेला राहतो. डीमन नाही केला तर खिडकी जाते आणि प्रोसेस मागे चालूच.

ओसरी

डीमन ठेवा, पण फुली स्वतः हाताळा. प्रोटोकॉल मेथडनं ‘डब्ल्यूएम डिलीट विंडो’ला तुमचं फंक्शन जोडा. त्यात: काम चालू नसेल तर डिस्ट्रॉय. चालू असेल तर थांबण्याचा इव्हेंट सेट करा, ‘बंद होत आहे’ हा झेंडा ट्रू करा, बटणं करडी करा आणि परत या. क्यू वाचणाऱ्या फंक्शनला ‘संपलं’ हा निरोप मिळाला आणि झेंडा ट्रू असला तर तेच डिस्ट्रॉय करेल आणि स्वतःला पुन्हा आफ्टरनं लावणार नाही. थ्रेडची वाट बघायला इथे जॉइन वापरू नका, खिडकी परत गोठते.

वीज गेली किंवा प्रोसेस मारली गेली तरी अर्धवट फोटो राहू नये म्हणून लिहिताना आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं साठवा आणि पूर्ण झाल्यावर ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसनं खरं नाव द्या. तात्पुरत्या नावाचं एक्स्टेन्शन वेगळं असेल तर पिलोला फॉरमॅट ओळखता येत नाही. सेव्ह करताना फॉरमॅट ‘जेपेग’ असं स्पष्ट द्या. पुढच्या वेळी सुरू करताना उरलेल्या तात्पुरत्या फायली पुसून टाका, आणि जे खऱ्या नावानं आधीच तयार आहेत ते वगळायचे की नाही यासाठी खिडकीत एक चेकबटण ठेवा.